मोठे करण्याची क्रियापदे

इंग्रजी भाषा शिकू लागलेल्या आपल्याकडील मनुष्यास ज्या गोष्टी पावलोपावली अडवितात, त्यांत जवळजवळ एकाच अर्थाच्या शब्दांचे थवेच्या थवे ही एक मोठी अडचण होय. एखादी वस्तू आहे त्याहून मोठी करावयाची, एवढी साधी कल्पना; पण तिच्यासाठी त्या भाषेने केवढा संसार मांडून ठेविला आहे! एन्लार्ज आहे, इन्क्रीज आहे, एक्स्टेंड व एक्स्पांड हे जुळे भाऊ आहेत. ऑग्मेंट, एन्हान्स, मॅग्निफाय, अ‍ॅम्प्लिफाय ही भारदस्त मंडळी आहेत. अ‍ॅग्रँडाइज आणि एक्झॅजरेट हे जरा संशयित चारित्र्याचे सोयरे आहेत. आणि वायडन, ब्रॉडन, हायटन, डीपन, लेंग्थन ही साधीभोळी शेतकरी माणसे वेगळीच. आम्ही आयुष्याची बरीच वर्षे शाळेत इंग्रजी शिकविण्यात घालविली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने ज्या पिढ्यांस इंग्रजीच्या उंबरठ्यावर आणून सोडले, त्यांतल्याच एका पिढीच्या हाताखाली आम्ही शिकलो. पुढे आमच्या हाताखालची मुले या पंधराही शब्दांपुढे न चुकता एकच मराठी शब्द लिहीत असत: 'वाढविणे'. त्यांस दोष तरी काय द्यावा? कोशातही पुष्कळदा तोच शब्द असतो.

हा विषय आज लेखणीवर घेण्यास कारण आमचे गाव. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोहारा नावाचे जे गाव लागते, तेथे आमचे बिऱ्हाड आहे. २०११ सालच्या जनगणनेत हे गाव स्वतंत्रपणे नोंदलेले आहे. त्यानंतर काही वर्षांतच यवतमाळ नगरपरिषदेची हद्द वाढली आणि आजूबाजूच्या गावांबरोबर लोहाराही तिच्या पोटात गेले. या घटनेस सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत 'हद्दवाढ' असे सुटसुटीत नाव आहे. आमचा नातू स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करीत असता एके दिवशी शब्दांची यादी घेऊन आमच्यापुढे बसला आणि म्हणाला, "आबाजी, हद्दवाढीला एन्लार्ज लिहू, एक्स्टेंड लिहू, की एक्स्पांड?" आम्ही त्यास परीक्षेपुरते उत्तर दिले, सीमा पुढे सरकली, तेव्हा एक्स्टेंड लिहावे. परंतु तो उठून गेल्यावर तो प्रश्न काही आमच्या मनातून उठेना. आमच्या गावाचे नेमके काय झाले, हे सांगण्यास यांतले खरे क्रियापद कोणते, याचा आम्ही पुष्कळ दिवस विचार करीत आहो. त्या विचाराचा गोषवारा वाचकांपुढे ठेवितो.

प्रथम त्या शब्दांच्या कुळांकडे पाहू. एक्स्टेंड हा शब्द ताणण्याच्या क्रियेतून निघाला आहे. त्यातील लॅटिन धातू व आपला संस्कृत 'तन्' धातू हे सख्खे नातलग आहेत. आपल्याकडे तंतू, तान, वितान इतकेच काय, संतान हा शब्दही त्याच धातूचा. तेव्हा एक्स्टेंड म्हणजे असलेलेच टोक पुढे ओढून नेणे. मुदत एक्स्टेंड होते, रस्ता एक्स्टेंड होतो, सीमा एक्स्टेंड होते. एक्स्पांड यात मिटलेले उलगडण्याची कल्पना आहे. पंखा उघडावा, उन्हाने लोखंडी रूळ प्रसरण पावावा, त्याप्रमाणे तो सर्व दिशांनी पसरतो. एन्हान्स याच्या मुळाशी 'उंच' या अर्थाचा शब्द आहे. म्हणून लांबीरुंदीशी त्याचा संबंध नाही, तो किंमत, दर्जा, सौंदर्य यांस वर चढवितो. कायद्याच्या इंग्रजीत तर त्याचा आणखी एक उपयोग आहे. आरोपीची शिक्षा वरच्या न्यायालयाने वाढविली, तर तीही एन्हान्सच होते! भूसंपादनाच्या दाव्यांत ज्यास आपण 'वाढीव मोबदला' म्हणतो, तेथेही हेच क्रियापद. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याखाली ज्यांच्या जमिनी गेल्या, अशा कुटुंबांत इंग्रजीचा गंध नसलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडीही हा शब्द वकिलांच्या संगतीने येऊन बसला.

ऑग्मेंट हा आमच्या विशेष आवडीचा शब्द. 'वाढविणे' या अर्थाच्या ज्या लॅटिन धातूपासून तो आला, त्याची वंशावळ पाहून मनुष्य थक्क होतो. ग्रंथकार या अर्थाचा ऑथर हा शब्द त्याच धातूचा. म्हणजे ज्याने जगात काही भर घातली तो ग्रंथकार. लिलावास ऑक्शन म्हणतात तेही यामुळेच, कारण तेथे बोली चढत जाते. रोमन सम्राटांनी धारण केलेली ऑगस्टस ही पदवी, आणि तिच्यावरून पडलेले ऑगस्ट महिन्याचे नाव, हीही त्याच कुळातली समजतात. आपल्याकडचा 'ओजस्' हा शब्द याच धातूचा दूरचा भाऊ. इन्क्रीजचे घराणेही असेच रम्य आहे. त्यात आपोआप वाढण्याची, उगवण्याची कल्पना असून चंद्रकोरीस जो क्रेसेंट शब्द इंग्रजीत आहे, तोही त्याच्या कुळातला. अर्थ 'वाढत जाणारा'. शिवछत्रपतींच्या राजमुद्रेत प्रतिपदेच्या चंद्राची उपमा आहे आणि तीस जोडून 'वर्धिष्णू' हा शब्द आहे, हे मराठी वाचकास सांगावयास नको. दोन दूरच्या संस्कृतींनी वाढीचे चित्र काढण्यास एकाच चंद्रकोरीकडे पाहावे, हे आम्हांस फार गोड वाटते. चंद्राची वाढ ही निर्दोष वाढ होय. तो कोणाची जागा घेत नाही, आणि पौर्णिमेनंतर थांबणेही त्यास ठाऊक असते.

यानंतर एक निराळा वर्ग येतो. मॅग्निफाय याचे मूळ आणि आपले 'महत्' यांचे नाते उघड आहे. परंतु त्याचा व्यवहारातला मुख्य उपयोग भिंगाचा. भिंगाखाली मुंगी बोटाएवढी दिसते, पण मुंगी मुंगीएवढीच राहते. येथे वस्तू वाढली नाही, तिचे दर्शन वाढले. अ‍ॅम्प्लिफाय आवाजास लागतो. त्याच्या यंत्रास आपण ध्वनिवर्धक म्हणतो. ध्वनिवर्धकाने आवाज दूरवर जातो. बोलण्यातला अर्थ मात्र होता तेवढाच राहतो, ही गोष्ट निवडणुकीच्या दिवसांत कोणत्याही गावात पडताळून पाहता येते. एक्झॅजरेट याच्या मुळाशी ढीग रचण्याची कल्पना आहे. आपण त्यास राईचा पर्वत करणे म्हणतो आणि ढिगाचीच प्रतिमा वापरतो. अ‍ॅग्रँडाइज म्हणजे सत्ता, वैभव, प्रतिष्ठा यांनी थोर करणे. पण हा शब्द बहुधा निंदेच्या सुरातच येतो, आणि जो स्वतःलाच थोर करू पाहतो त्याच्यासाठी तो खास राखून ठेविलेला आहे. या भाषेने खरी वाढ, दिसणारी वाढ आणि दाखविलेली वाढ यांस वेगळी वेगळी घरे बांधून दिली, याबद्दल तिचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही.

आणि गंमत अशी की, एवढा परिवार असूनही 'मोठे करणे' या साध्या अर्थाचा, 'मोठा' या रोजच्या शब्दावरून सरळ निघालेला शब्द इंग्रजीत रूढ नव्हता. वाइड याचे वायडन होते, डीप याचे डीपन होते. पण बिग याचे काहीच होत नव्हते. १९९६ साली 'द सिम्पसन्स' या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेत एका काल्पनिक गावाच्या ब्रीदवाक्यात लेखकांनी थट्टेने 'एम्बिगन' असा शब्द घातला. तो लोकांच्या जिभेवर इतका रुळला की, २०१८ साली मेरियम-वेबस्टर या प्रतिष्ठित कोशाने त्यास आपल्या पंक्तीस बसविले. मागाहून शोधकांस असेही आढळले की, हाच शब्द १८८४ साली एका इंग्रजी नियतकालिकात कोणी थट्टेनेच घडविला होता. थट्टेत जन्मलेला शब्द कोशात गेला, याचा अर्थ त्याची जागा खरोखरच रिकामी होती.

आता आपल्या घराकडे वळू. आजच्या छापील मराठीत पगारवाढ, भाववाढ, भाडेवाढ, मुदतवाढ, लोकसंख्यावाढ, हद्दवाढ असे शब्द एकाच साच्यातून पडलेल्या विटांसारखे दिसतात. पगार वाढणे ही आनंदाची गोष्ट, भाडे वाढणे ही दुःखाची, मुदत वाढणे ही बहुधा आळसाची, आणि हद्द वाढणे ही कोणाच्या सुखाची व कोणाच्या दुःखाची हे ठरावयाचे असते. परंतु शब्दाच्या चेहऱ्यावर त्याचे काहीच चिन्ह नाही. यावरून कोणी म्हणेल की मराठी या बाबतीत दरिद्री आहे. आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्या त्यास पुरावा म्हणून दाखविता येतील. मोल्सवर्थ साहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची. दुसरी, सुधारून वाढविलेली आवृत्ती १८५७ ची. तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. एवढ्या शब्दांची धनीण असलेली भाषा एका 'वाढी'वर दिवस काढीत असेल, हे आम्हांस खरे वाटेना. म्हणून आम्ही छापील कागद बाजूस ठेविला आणि बोलणाऱ्या माणसांकडे कान दिला.

आमच्या वावरात जो सालदार आहे, त्याचे शाळेचे शिक्षण फारसे नाही. एका पावसाळ्यात आमची कपाशी कमरेच्या वर गेलेली पाहून आम्ही संतोष व्यक्त केला. तो मान हलवून म्हणाला, "वाढली नाई गुर्जी, पऱ्हाटी माजली. शेंडे खुडा लागते." खत व पाऊस जास्त झाला की झाड पानाफांद्यांतच आपली शक्ती खर्च करते, फुले-बोंडे कमी धरते, आणि म्हणून वरचा शेंडा खुडून त्यास आवरावे लागते, हे कृषिशास्त्र तीन शब्दांत त्याने आम्हांस सांगितले. मग आम्ही मोजू लागलो. रोप फोफावते, गवत माजते, आजार बळावतो, अंग सुजते, पोट फुगते, नदी चढते, आग भडकते, वेल पसरतो, अनाचार बोकाळतो, आशा दुणावते, मन रुंदावते, मान उंचावते. इंग्रजी शब्द बहुधा विचारतात, वाढ कोणत्या दिशेने झाली? लांबीने, उंचीने, की नुसती दिसण्यात? आपल्या बोलीतले शब्द विचारतात, वाढले ते काय, आणि ते वाढणे बरे की वाईट? आजार बळावतो असे आपण म्हणतो, पण आरोग्य बळावले असे कोणी म्हणत नाही. अनाचार बोकाळतो, सदाचार कधी बोकाळत नाही. ही निवड शिकलेल्या माणसाने केलेली नाही. वाढ म्हटली की तिच्या गुणदोषांची पारख करावी, ही शेतात राबणाऱ्या समाजाची सवय भाषेत उतरली आहे.

खुद्द 'वाढविणे' या शब्दाची कथाही काही साधी नाही. देवापुढे नारळ फोडावयाचा, पण फोडणे हा शब्द अभद्र वाटतो, म्हणून आपण नारळ वाढवितो. दिवा विझला म्हणत नाहीत, वाढविला म्हणतात. हातातली बांगडी फुटली तर ती वाढली. मंगळसूत्र तुटले तर तेही वाढले. ज्या समाजात एवढे दुःख झाकावयाचे होते, त्याने झाकण्यासाठी वाढीचाच शब्द घेतला. म्हणजे मराठी कानास हे जुने ठाऊक आहे की, 'वाढविले' असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा कधी कधी काहीतरी मोडलेलेही असते. वाढीदिढी हा शब्दही वऱ्हाडातील जुन्या कुळांस विसरता येण्याजोगा नाही. पेरणीस एक पायली धान्य न्यावे आणि सुगीस दीड पायली परत करावे. एकाच्या कणगीची वाढ ती दुसऱ्याच्या कणगीची घट. परंतु याच शब्दाची दुसरी बाजू तितकीच उजळ आहे. पंगतीत पानावर अन्न घालणे यास आपण 'वाढणे' म्हणतो. जो ते करतो तो वाढपी. आणि मुलास खाऊपिऊ घालून, दुखण्याखुपण्यांतून काढून हाताशी आणणे यास आपल्याकडे 'लहानाचे मोठे करणे' असे म्हणतात. इंग्रजीस थट्टेतून जो शब्द मिळवावा लागला, तो आपल्या घरी आईच्या तोंडात आरंभापासून आहे, आणि त्याचा अर्थ आकाराचा नसून सांभाळाचा आहे.

या मापांनी आता आमच्या गावाकडे पाहिले पाहिजे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाडच्या परगण्यांची जी यादी आहे, तीत आजच्या यवतमाळच्या परगण्याचे नाव 'योत-लोहारा' असे पडले आहे. 'योत' हा यवत या नावाचा फारशी लेखणीत झालेला अपभ्रंश, आणि लोहारा म्हणजे त्याच्या पश्चिमेस तीन मैलांवर असलेले आमचे हे गाव. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी दोन्ही नावे एका जोडनावात शेजारी शेजारी बसत होती. पुढे यवतमाळचे दैव उघडले. इंग्रजी अमलात हा जिल्हा आधी वणीच्या नावाने ओळखला जाई. १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची नवी मांडणी झाली, तेव्हा त्यास पुसद तालुका जोडून यवतमाळ जिल्हा असे नाव देण्यात आले. त्या वेळी जिल्हा वाढला खरा. पण ज्या वाशीम जिल्ह्यातून पुसद आले तो जिल्हाच मोडला, आणि वणीच्या कपाळावरचे जिल्ह्याचे नाव पुसले गेले. वाशीमला आपला जिल्हा परत मिळण्यास १९९८ साल उजाडावे लागले. एकाची वाढ म्हणजे दुसऱ्याचे 'वाढविणे', नारळ वाढवितात त्या अर्थाने, हे या भागास नवे नाही.

येथील लोकांच्या मनात रुंदीची एक इच्छाही फार दिवसांची आहे. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापुरास जाणारी 'शकुंतला' ही अडीच फुटी अरुंद रुळांची गाडी. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी विलायती कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी ती घातली. ती साडेपाच फुटी मोठ्या मापाची व्हावी, तिचे रुंदीकरण व्हावे, अशी मागणी कित्येक वर्षे चालली. रूळ रुंद होण्याआधी गाडीच थांबली. ब्रॉडन हे क्रियापद आम्ही त्या रुळांच्या उदाहरणाने शिकवीत असू. उदाहरण राहिले, गाडी गेली.

लोहाऱ्याची वाढ मात्र थांबली नाही. येथे औद्योगिक वसाहत आली, डेनिम कापडाचा मोठा कारखाना आला. कापूस ज्या जिल्ह्यात पिकतो त्याच जिल्ह्यात त्याचे कापड होऊ लागले, हे चांगलेच झाले असे आम्ही मानतो. वस्ती दाटली, दुकाने लागली. मग हद्दवाढ झाली. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे शासन अधिसूचना काढून हद्द बदलू शकते. एका कागदाने गावाचे शहर होते. नगरपरिषदेची हद्द एक्स्टेंड झाली. तिच्या कराचे उत्पन्न ऑग्मेंट होण्याची सोय झाली. जमिनीचे भाव एन्हान्स झाले. शहराचा नकाशा एन्लार्ज झाला. काही मंडळींनी पुढे काय काय होणार ते सांगताना ते बरेच मॅग्निफाय केले, आणि एकदोघांनी स्वतःस अ‍ॅग्रँडाइजही करून घेतले. ही सर्व क्रियापदे यवतमाळास लागू पडली. लोहाऱ्यास यांतले कोणते लागले, हे शोधू जाता आमच्या हाती फारच थोडे येते. ग्रामपंचायत गेली. ग्रामसभेत कोणाही मतदारास उभे राहून बोलता येत होते. आता प्रभागाचा नगरसेवक बोलतो. तीन मैलांवरचे गाव शहराचा एक भाग झाले. हे चूक झाले असे आम्ही म्हणत नाही. नळ, रस्ते, दिवे हे शहरातल्या माणसाप्रमाणे आम्हांसही हवेच आहेत, आणि त्यांसाठी एकत्र येणे यात शहाणपण असू शकते. आमचे म्हणणे एवढेच की, एका 'वाढ' शब्दाने हे सर्व सांगितले गेले म्हणजे विचारावयाचे प्रश्न विचारले जात नाहीत.

आणि हे प्रश्न आमच्या उंबरठ्याच्या आत आले, म्हणून तर आम्ही ते इतके घोळीत बसलो. आमच्या वाट्यास वडिलार्जित साडेतीन एकर वावर आहे. चहूकडे ले-आउट पडले आहेत. ज्या धुऱ्यावर बाभळी होत्या तेथे चुन्याच्या रेघा आहेत. आमच्या चुलतबंधूंनी आपले वावर केव्हाच विकले आणि घरावर दुसरा मजला चढविला. आमच्याकडे दलाल आले, एकदा नव्हे, चारदा आले. त्यांच्या तोंडी एन्हान्स हा शब्द असा खेळत होता की, आमच्या एकाही विद्यार्थ्याच्या तोंडी तो तसा कधी खेळला नाही. मुलगा नागपुरास नोकरीस आहे. त्याचे म्हणणे सरळ होते: "बाबा, भाव आज आहे तो उद्या असेलच असे नाही. नातवाचे पुढचे शिक्षण आहे, तुमचे दोघांचे म्हातारपण आहे." त्याच्या म्हणण्यात लोभ नव्हता, हे आम्ही जाणून होतो. आमचे आम्हांसच ठरेना. रात्री कागद घेऊन बसावे, एका बाजूस बँकेतील व्याज मांडावे, दुसऱ्या बाजूस कपाशीचे उत्पन्न मांडावे, आणि दुसरी बाजू पाहून दिवा मालवावा. कपाशीच्या हिशेबाने श्रीमंत झालेला मनुष्य या जिल्ह्यात शोधूनच काढावा लागेल.

अखेर आमच्या सौभाग्यवतींनी त्यातून वाट काढली. त्या म्हणाल्या, "तुम्ही किती वाढेल ते मोजता आहात. किती पानांवर वाढले जाते ते मोजा की!" आम्ही मोजले. त्या वावरातल्या ज्वारीने, तुरीने आणि विहिरीवरच्या भाजीने आमचे घर चालते. सालदाराचे पाच माणसांचे घर चालते. वेचणीस येणाऱ्या बाया हंगामात त्यावर दोन पैसे नेतात. आणि श्राद्धपक्षास, सणास गल्लीतली चार पाने वाढली जातात ती निराळीच. हा हिशेब बँकेच्या वहीत मांडता येत नाही, तरी तो हिशेबच आहे. मग आम्ही रस्त्याकडचा एक एकर विकला. त्या पैशांतून नातवाच्या शिक्षणाची तजवीज झाली, कारण त्यास लहानाचे मोठे करणे हेही आमच्याकडेच होते. विहीर आणि अडीच एकर राखले. सालदारास तसे सांगितले, तेव्हा तो काही बोलला नाही; दुसऱ्या दिवशी मात्र नेहमीपेक्षा लवकर येऊन धुऱ्यावरचे गवत काढीत बसलेला दिसला. मुलास हा व्यवहार अर्धवट वाटतो, दलालास तर वेडेपणाच वाटतो. दहा वर्षांनी कोणाचे खरे ठरेल, हे आम्हांस आज सांगता येत नाही. आणि अडीच एकराभोवती चारी बाजूंनी घरे उठली म्हणजे ते वावर वावर म्हणून किती काळ टिकेल, ही शंका रात्री मनात येतेच.

या सर्व खटाटोपात एन्लार्ज या शब्दाची एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्याच्या पोटात लार्ज आहे, आणि लार्ज याच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'मोठा' असा नव्हता. 'विपुल', 'सढळ हाताचा', 'उदार' असा होता. इंग्रजीत मुक्तहस्ताने केलेल्या दानास अजूनही लार्जेस म्हणतात, त्यात तो जुना अर्थ शिल्लक आहे. म्हणजे आज जो शब्द निव्वळ आकाराचा झाला, तो आरंभी देण्याचा होता. आपल्या वाढण्याचीही तीच कथा. केवळ आपल्या घरी तो अर्थ अद्याप मेलेला नाही, दोन वेळा पानावर उतरतो. शहर वाढो, जिल्हा वाढो, कारखाने वाढोत. त्यास आमची ना नाही. परंतु कोणी येऊन वाढ झाली असे सांगेल, तर सालदाराप्रमाणे आधी झाडाकडे नीट पाहावे, ते वाढले की माजले. आणि मग पंगतीकडे पाहावे, किती पाने मांडली होती आणि किती पानांवर वाढले गेले. आमच्या नातवास परीक्षेत एक्स्टेंड या उत्तराचे पुरे गुण मिळतील यात शंका नाही. लोहाऱ्याचे उत्तर अजून तपासावयाचे आहे.